कॉम्प्युटर सुधारला आणि बगळा अडकला

काकूंच्या दुकानात कायदा एकच होता: कॉम्प्युटरवर निळी पाटी आली की 'नंतर' दाबायचं.

पाटी रोज यायची. "तुमच्यासाठी नवी, अधिक चांगली प्रणाली तयार आहे," असं लाडात म्हणायची आणि खाली दोन बटणं दाखवायची. डावीकडे 'आत्ता', उजवीकडे 'नंतर'. काकू सुईत दोरा ओवता ओवता 'नंतर' दाबत. त्यांची मुलगी भिंगरी शाळेत निघताना एक मोजा पायात आणि एक हातात अशा अवस्थेत 'नंतर' दाबे. काका, म्हणजे काकूंचे यजमान, टेबल पुसताना दाबत. आणि काकूंचे सासरे आप्पा पाणी प्यायला जाता-येता दाबत, कारण कॉम्प्युटरमधलं त्यांना तेवढंच येत होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा आणि टिचकी मारायची," ते पाहुण्यांना समजावून सांगत. "वाचायची गरज नाही."

कायद्यामागे कारण होतं. सगळी गल्ली ज्यांना भरतकामवाल्या काकू म्हणे, त्यांचं भरतकाम मशीन करायचं आणि मशीनला डिझाइन द्यायचा तो कॉम्प्युटरमधला एक म्हातारा प्रोग्राम. कुठला टाका कुठे, किती दाट, कुठून सुरू, सगळं त्याच्यात ठरवायचं आणि मग पेनड्राइव्हवर घालून मशीनला भरवायचं. प्रोग्राम चालायला मागे एक छोटी प्लास्टिकची चावी खोचलेली लागे. प्रोग्राम बसवून देणाऱ्या माणसानं जाताना सांगितलं होतं, "वहिनी, एवढं लक्षात ठेवा. या कॉम्प्युटरला कधीही सुधारू देऊ नका."

वहिनींनी लक्षात ठेवलं. घरानं लक्षात ठेवलं. फक्त कॉम्प्युटरनं ठेवलं नाही.

त्या दिवशी सकाळी काकू पुढच्या खोलीतल्या दुकानात आल्या आणि पडद्यावर त्यांना तलाव दिसला. निळाशार तलाव, मागे डोंगर, वर अक्षरं: "स्वागत आहे! सगळं काही जिथल्या तिथे आहे."

जिथल्या तिथे काहीच नव्हतं. खालची पट्टी मधे सरकली होती, चित्रांचे कोपरे गोल झाले होते, आणि हवामान सांगा असं कुणी म्हटलं नसताना कॉम्प्युटर हवामान सांगत होता. काकूंनी छातीवर हात ठेवून भरतकामाच्या प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. पाटी आली. "हा प्रोग्राम या प्रणालीवर चालू शकत नाही. कृपया निर्मात्याशी संपर्क साधा."

"भिंगरेऽऽ!" काकू ओरडल्या. "अहो! आप्पा! सगळे इकडे या. आधी या, मग दात घासा."

सगळे आले. आप्पा खरोखरच ब्रश तोंडात घेऊन आले.

"कुणी दाबलं?" काकूंनी विचारलं.

"मी नाही," भिंगरी म्हणाली.

"मी तर माऊसखालची जागासुद्धा माऊस न हलवता पुसतो," काका म्हणाले.

आप्पांनी ब्रश काढला. "मी नेहमीसारखं उजवीकडचं दाबलं. काल संध्याकाळी. नंतर बराच वेळ गोल गोल फिरत होतं काहीतरी. मला वाटलं विचार करतोय."

भिंगरीनं मोबाइलवर धडाधड काहीतरी शोधलं आणि कपाळावर हात मारला. "आई, त्यांनी पाटी बदललीये. नव्या पाटीत बटणांची अदलाबदल आहे. 'आत्ता' उजवीकडे आणि 'नंतर' डावीकडे."

"अरे पण न विचारता अशी अदलाबदल?" आप्पा भडकले. "उद्या हे लोक घराचं दार खिडकीच्या जागी लावतील आणि मी पडलो की म्हणतील, आजोबा, बघून चालायचं!"

यात आप्पांचं काय चुकलं, हे काकूंनाही सांगता येईना, आणि त्यामुळे राग जास्तच आला. रागाला धड एक माणूससुद्धा मिळू नये, यासारखा वैताग नाही.

बरं, दुसरा कुठला दिवस असता तर काकूंनी चहा घेऊन, चार माणसांना फोन करून, आठवडाभर त्यांचं डोकं खाल्लं असतं. पण आज नमुन्याचा दिवस होता.

चौकापलीकडच्या मोठ्या शाळेनं सगळा गणवेश बदलायचं ठरवलं होतं. स्वेटर, कोट, टोप्या, सगळ्यांवर नवं बोधचिन्ह: पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा. (शाळेनं बगळाच का निवडावा, हे कुणाला कळलं नव्हतं. भिंगरीचं म्हणणं, एका पायावर उभं राहायची शिक्षा झालेली मुलंच शाळेत जास्त आहेत म्हणून.) ज्याचा नमुना आवडेल त्याला अख्ख्या शाळेचं काम, दरवर्षी. नमुना आज शाळेचं ऑफिस बंद व्हायच्या आत द्यायचा होता.

आणि काम नाही मिळालं तर दुकान बंद, हे काकूंचं स्वतःशी ठरलं होतं. रुमालांवर नावं आणि टॉवेलवर फुलं काढून भाडं निघत नव्हतं. दुकान बंद म्हणजे पुन्हा कपड्यांचा कारखाना. तिथे त्या लग्नाआधी होत्या. तिथे पाणी प्यायला जायचं तर हात वर करावा लागे आणि सुपरवायझर हात दिसूनही न दिसल्यासारखं करी. पुन्हा हात वर करायचा नाही, म्हणून तर हे दुकान.

"डिझाइन गेलं का पण?" काकांनी विचारलं.

"फाइल आहे," भिंगरी म्हणाली. "ती उघडून मशीनच्या भाषेत आणायला कुणी नाही."

"मग मशीनमध्ये आधीचा बगळा आहे ना, तोच दे."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी फडकं उचललं आणि काहीच धूळ नसलेली खिडकी पुसायला घेतली.

मशीनमध्ये आधीचा बगळा होता खरा, पण तो लंगडा होता. बगळ्याचा पाय म्हणजे काडी. इतक्या बारीक भरणीखाली आधाराचे टाके नीट बसले नाहीत तर दोरा कपड्याला ओढतो, कपडा चुण्या धरतो आणि बगळा गुडघेदुखीचा पेशंट दिसतो. काकू कितीतरी दिवस त्या एका पायाशी झगडत होत्या. टाके कमी केले, वाढवले, तिरपे केले, उलट्या बाजूनं सुरू केले. शेवटी काल दुपारी पाय जमला. सरळ, ताठ, स्वेटरच्या विणीवरसुद्धा हलणार नाही असा. त्यांनी तो साठवला आणि स्वतःशीच म्हणाल्या, उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी मशीनवर घेऊ.

ताज्या डोळ्यांनी! काकूंना आता स्वतःच्या डोळ्यांचाच राग आला.

"आई, थांब, मार्ग आहे," भिंगरीनं खुर्ची ओढली. ती दहावीत होती, आणि गेल्याच महिन्यात तिनं शेजारच्यांचा बंद प्रिंटर चालू करून दाखवला होता. तेव्हापासून तिची मान घरात दोन बोटं उंच असे. "प्रोग्रामच्या चित्रावर उजवी टिचकी. हे बघ, इथे एक सोय आहे. कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, या प्रोग्रामपुरता तू जुना असल्यासारखं वाग."

"नाटक करायचं?"

"नाटकच. प्रोग्रामला वाटतं आपण जुन्याच घरात आहोत."

"असं माणसांसाठी नाही का काही?" आप्पांनी विचारलं.

भिंगरीनं टिचकी मारली. क्षणभर काहीच नाही. आणि मग, काय सांगावं, तो म्हाताऱ्या प्रोग्रामचा करडा चेहरा, ती ओळखीची सुई-दोऱ्याची खूण पडद्यावर उगवली! काकूंच्या तोंडून "आला!" असं इतक्या जोरात निघालं की रस्त्यावरचा एक सायकलवाला मागे वळून बघायला लागला.

करडा चेहरा म्हणाला, "चावी सापडली नाही."

"आहे की रे!" काकू मागे वाकून म्हणाल्या. "खोचलेली आहे! दिवासुद्धा लागलाय!"

चावी काढली. फुंकर मारली. दुसऱ्या खाचेत घातली. आप्पांनी ती सदऱ्याला पुसून दिली. काकांनी तर कापसाच्या बोळ्यानं तिचे कान कोरावेत तशी ती कोरली. "चावी सापडली नाही." भिंगरीनं पुन्हा मोबाइल उघडला, आणि तिची मान एक बोट खाली आली.

"चावी ओळखणारं जे आत असतं ना, ते नव्या प्रणालीत चालतच नाही. नाटक फक्त प्रोग्रामपुरतं होतं. चावीपुरतं नाही."

"म्हणजे घर जुनं आहे असं पटलं, पण कुलूप नवं निघालं," आप्पा म्हणाले. त्यांना हे सगळं आता आवडायला लागलं होतं, आणि काकूंना ते दिसत होतं.

"निर्मात्याशी संपर्क साधा म्हणतोय ना? साधते," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

फोनवर आधी बासरी वाजली. मग एक आवाज म्हणाला, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा बासरी. इतक्या मोलाचा फोन कुणी उचलत कसं नाही, असं काकू तीनदा मोठ्यानं म्हणाल्या तेव्हा एक मुलगी बोलायला आली, गोड, अगदी साखरेच्या पाकात बुडवून काढलेली.

"मॅडम, तुमची आवृत्ती खूप जुनी आहे. नव्या प्रणालीसाठी तुम्हाला नवी आवृत्ती घ्यावी लागेल."

"घेते. आत्ता मिळेल?"

"हो मॅडम, लगेच."

"आणि माझं जुनं डिझाइन तिच्यात उघडेल?"

"जुन्या फायली थेट उघडत नाहीत मॅडम. त्या आधी जुन्या आवृत्तीत उघडायच्या, नव्या पद्धतीनं साठवायच्या, मग उघडतात."

"पण जुनी आवृत्ती उघडत नाहीये. म्हणून तर फोन केला."

"बरोबर आहे मॅडम. मग ती आधी उघडून घ्या."

काकूंनी डोळे मिटले. "अगं बाळा, विहिरीत पडलेल्या माणसाला तू सांगतेयस, वर या, मग दोर देते."

"मॅडम, मी तुमची अडचण नोंदवून ठेवते. अजून काही मदत करू का?"

"नको," काकू म्हणाल्या. "एवढी पुरली."

फोन ठेवला तेव्हा भिंगरी पडद्याला नाक लावून बसली होती. "आई! मागे जायचं बटण आहे! नवी प्रणाली आवडली नाही तर काही दिवस जुनीकडे परत जाता येतं. सगळं होतं तस्सं!"

"अगं मग दाब ना! वाट कसली बघतेस?"

"दाबलं जात नाहीये. फिकट झालंय. थांब, खाली लिहिलंय." ती वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. "मागे जाण्यासाठी लागणाऱ्या फायली... वापरकर्त्यानं... काढून टाकल्या आहेत."

खिडकीवरचं फडकं थांबलं.

काका म्हणजे अतिशय सज्जन माणूस, पण भरलेली जागा त्यांना बघवत नसे. दोन दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र घरात टिकत नसे. आज त्यांना कामावरून सुट्टी, म्हणून ते पहाटेच उठले होते.

"अहो," काकू अगदी हळू म्हणाल्या.

"अगं, त्यात लिहिलं होतं, जागा कमी आहे, नको असलेलं काढू का. केवढं थोरलं गाठोडं पडलं होतं आत! वर नावच मुळी 'जुनी प्रणाली'. मी म्हटलं, जुनं कशाला हवंय आता? सकाळी सकाळी स्वच्छ करून टाकलं." त्यांनी आशेनं सगळ्यांकडे पाहिलं. "तू उठल्यावर खूश होशील असं वाटलं होतं."

 

"वडिलांनी घर पेटवलं," काकू शेवटी म्हणाल्या, "आणि मुलानं विहीर बुजवली. धन्य ते घराणं!"

भिंगरी फिसकन हसली आणि मग तिनं एक वाक्य उच्चारलं, जे उच्चारायची इतर दोघांची छाती नव्हती. "आई, टोपीकाकांकडे तोच प्रोग्राम आहे."

टोपीकाका म्हणजे टोपीशेठ, समोरच्या फुटपाथला लागून असलेल्या दुकानात टोप्यांवर भरतकाम करून विकायचा. एकाच माणसानं एकाच आठवड्यात दोघांना तोच प्रोग्राम विकला होता. त्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेटचं वारंही लागलेलं नव्हतं, कारण तारेतून लोक आपली डिझाइनं चोरून नेतील अशी टोपीशेठला खात्री होती. शाळेच्या कामासाठी नमुना देणारा दुसरा माणूसही तोच.

"त्याच्याकडे जाऊ? आज?" काकू म्हणाल्या. "त्यापेक्षा मी दातांनी बगळा काढीन."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं, पेनड्राइव्हवर फाइल घेतली, ओढणी सावरली आणि रस्ता ओलांडला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण त्या रस्ताभर पुटपुटत होत्या, आणि टोपीशेठच्या पायरीवर पाऊल ठेवल्यावर गप्प झाल्या.

"या या, वहिनी!" टोपीशेठ काउंटरमागून म्हणाला. डोक्यावर स्वतःच्याच दुकानातली लाल टोपी. "आज इकडे कुठे सूर्य उगवला?"

"सहज."

"सहज? पाच वर्षांत पहिल्यांदा सहज?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. काकूंनी सगळं सांगितलं. टोपीशेठनं मिटक्या मारत ऐकलं. आप्पांच्या बटणापाशी तो हसला, काकांच्या सफाईपाशी तर त्यानं डोक्यावरची टोपी काढून डोळे पुसले.

"म्हणजे तुमचा बगळा माझ्या मुठीत आहे," तो म्हणाला.

"बगळा माझ्या पेनड्राइव्हमध्ये आहे. तुमच्या मुठीत फक्त खुर्ची आहे."

"पण खुर्चीशिवाय बगळा उडत नाही. बसा, वहिनी. उघडा तुमची फाइल. माझी एकच अट आहे." त्यानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "माझा बगळासुद्धा दुरुस्त करून द्यायचा. आणि शाळेत बोलायचं नाही की तुम्ही केला."

त्यानं आपला नमुना काढून दाखवला. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"हे बदक आहे, शेठ."

"बगळाच आहे. जरा खाऊनपिऊन सुखी आहे."

"आणि हा पाय आहे की पायजमा?"

"म्हणून तर दुरुस्त करा म्हणतो ना!"

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आपला नमुना द्यायचा तर आधी शत्रूचा नमुना आपल्याच हातानं आपल्याइतका चांगला करायचा. इतके दिवस खपून पाय जमवायचा आणि तो या माणसाच्या बदकाला फुकट लावून द्यायचा. नाही म्हणून उठावं? मग लंगडा बगळा, आणि मग कारखाना. किंवा हो म्हणून वरवर करून द्यावं. टोपीशेठला काय कळतंय? दोन धुण्यांत पाय सुटेल असा करून द्यावा.

हा तिसरा विचार त्यांना आवडला. तो मनात धरूनच त्या खुर्चीत बसल्या. आधी आपली फाइल उघडली. उघडली! त्यांचा बगळा जसाच्या तसा, एका पायावर ताठ. तो मशीनच्या पद्धतीनं पेनड्राइव्हवर घेतला आणि मग टोपीशेठचं बदक उघडलं.

अर्ध्या तासानं टोपीशेठ चहा घेऊन आला तेव्हा काकू पायाच्या आधाराचे टाके तिसऱ्यांदा तपासत होत्या. पोट आत गेलं होतं. मान वर आली होती. वाईट करायचं म्हणून त्या बसल्या होत्या खऱ्या, पण एकदा टाके समोर दिसल्यावर हात ऐकेनात. चुकीचा टाका ठेवून उठायचं म्हणजे गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यासारखं वाटायला लागलं. आपल्या हाताचाच त्यांना इतका वैताग आला की त्यांनी चहा न बघता तोंडाला लावला आणि तोंड पोळून घेतलं.

"वा!" टोपीशेठ पडद्याकडे बघत म्हणाला. "अगदी माझ्या मनात होता तसाच."

"तुमच्या मनात बदक होतं," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

घरी मशीन सुरू झालं आणि सगळं घर त्याच्याभोवती उभं राहिलं. चोच झाली, पंख झाले, पाय आला तेव्हा आप्पांनी श्वास धरला. कपडा हलला नाही. भिंगरीनं आईला मिठी मारली. काका सुटलेले दोरे वेचायला धावले आणि एका आवाजात तिघांनी त्यांना ओरडून थांबवलं. "कशालाही हात लावायचा नाही!"

शाळेकडे काकू या फुटपाथवरून निघाल्या आणि टोपीशेठ त्या फुटपाथवरून. दोघंही एकमेकांना ओळखत नसल्यासारखे चालत होते आणि दोघांचंही अर्धं लक्ष दुसऱ्याच्या पिशवीकडे होतं. दुपार टळून गेली होती.

मुख्याध्यापिका बाईंनी दोन्ही स्वेटर टेबलावर शेजारी शेजारी पसरले. ओढून पाहिले, उलटून पाहिले, चष्मा काढून नाकाशी नेले.

"आश्चर्य आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्यांनी पायाची वाट लावली. तुम्हा दोघांचा पाय मात्र सुंदर. शेठ, कसा जमवलात हो?"

काकूंनी छताकडे पाहिलं. शब्द म्हणजे शब्द.

"त्याचं काय आहे, बाई," टोपीशेठनं टोपी मागे सारली, "भरतकाम आमच्या रक्तातच आहे. बोटांना आपोआप कळतं."

काकूंना जोराचा खोकला आला. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि मग हातातली पेन्सिल दोन्ही स्वेटरांवर आलटून पालटून टेकवत म्हणाल्या, "नमुने सारखे. मग एकच विचारते, खरं सांगा. काम वर्षभराचं आहे. आम्ही मुलांची नावं, मापं, बदल, सगळं मेलनं पाठवणार. ऐनवेळी तुमचा कॉम्प्युटर बिघडला तर?"

"माझा कॉम्प्युटर बिघडूच शकत नाही," टोपीशेठ लगेच म्हणाला. "इंटरनेटच नाही त्याला. मेल वगैरे भानगडच नाही!"

"मेलच नाही? मग आम्ही पाठवायचं कुठे?"

 "टोपीत चिठ्ठी टाकून..." असं काहीतरी टोपीशेठ पुटपुटला.

"आणि तुमचा?" बाई काकूंकडे वळल्या.

काकूंना खोटं बोलता आलं असतं. "आमचा एकदम नवाकोरा" असं म्हटलं असतं तर ते खोटंसुद्धा झालं नसतं. पण सकाळपासून इतकं साठलं होतं की तोंड उघडल्यावर तेच बाहेर पडलं.

"माझा आज सकाळीच बिघडला, बाई. बिघडला म्हणजे सुधारला! सुधारून इतका चांगला झाला की आता त्याच्यावर कामच होत नाही. पाच वर्षांचं काम त्याच्या पोटात अडकलंय. सासऱ्यांनी बटण दाबलं, नवऱ्यानं जुनं फेकलं, कंपनीची मुलगी म्हणाली आधी बाहेर या मग दोर देते. सकाळपासून मी रडायचीच बाकी आहे. पुन्हा बिघडणार नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगू? उद्याच बिघडेल! पण नमुना आज द्यायचा होता, तो आज दिला. कुणाच्या दारात जाऊन दिला ते विचारू नका."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, गेलं. आता हात वर करून पाणी मागायची तयारी करा.

 बाईंनी आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर काकूंच्या दिशेनं फिरवला. पडद्यावर निळाशार तलाव होता, मागे डोंगर.

"परवापासून," बाई दात ओठ खात म्हणाल्या. "हजेरीचा प्रोग्राम उघडत नाही. शिक्षकांना मी फळ्यावर सह्या करायला लावतेय. सगळे मला येऊन सांगतात, काळजी करू नका, होईल. होईल म्हणणाऱ्यांचा मला आता इतका कंटाळा आलाय!" त्यांनी काकूंचा स्वेटर उचलून कपाटात ठेवला. "काम तुम्हाला. कॉम्प्युटर कधी नीट होईल मला सांगू नका. स्वेटर कधी येतील तेवढं सांगा."

बाहेर पडल्यावर या खेपेला दोघंही एकाच फुटपाथवर होते. टोपीशेठनं टोपी काढून काखेत धरली होती.

"अभिनंदन," तो कडवटपणे म्हणाला. "माझ्याच खुर्चीत बसून मलाच टोपी घातलीत."

"रक्तातली बोटं कुणाची होती? मी बोलले का काही?"

"नाही बोललात," त्यानं कबूल केलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "पण वहिनी, आता तुमची ती पाच वर्षांची डिझाइनं उघडायची कुठे? सगळी जुन्यातून नव्यात आणायची तर जुनं फक्त माझ्याकडे!"

काकू थांबल्या. काम मिळाल्याच्या आनंदात त्या हे विसरल्याच होत्या. म्हणजे हे एका दिवसाचं दुखणं नव्हतंच. अजून कित्येक दिवस हाच माणूस, हीच खुर्ची आणि हाच पाणचट चहा.

"शाळेला टोप्यापण हव्यात," त्या म्हणाल्या. "टोपी ताणून धरायची फ्रेम माझ्याकडे नाही. डिझाइन मी देईन, टोप्या तुम्ही करा. आणि रोज सकाळी तुमचा कॉम्प्युटर माझा."

"सकाळी नाही. सकाळी मी बसतो. दुपारी."

"दुपारी मशीनवर मी असते. सकाळी."

"संध्याकाळी घ्या!"

"संध्याकाळी तुमच्या दुकानात गिऱ्हाइकं असतात आणि प्रत्येकाला तुम्ही माझ्या सासऱ्यांची गोष्ट सांगाल."

"ती तर मी सकाळीसुद्धा सांगणार," टोपीशेठ म्हणाला. "आणि चहा घरून आणा. माझा पिऊन फार तोंड वाकडं करता."

"आणते. पण ती खुर्ची बदला. एक पाय आखूड आहे तिचा."

"बघा! पायाशिवाय दुसरं काही दिसतच नाही तुम्हाला!"

भांडत भांडत दोघं गल्लीच्या तोंडाशी आले. दुकानाच्या दारात काका, आप्पा आणि भिंगरी ओळीनं उभे होते, निकाल काय ते चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करत. पण काकूंचा चेहरा इतका लालबुंद होता आणि त्या हातवारे करून इतक्या तावातावानं बोलत होत्या, की काकांनी खांदे पाडले आणि म्हणाले, "गेलं वाटतं काम."

"मिळालंय!" काकू रस्त्यापलीकडूनच ओरडल्या. "आणि थांबा जरा, माझं भांडण संपायचंय अजून!"